गोळी-स्थगितीचा अर्ज

बोरगाव मेघेच्या सुलोचनाबाईंना खोकला झाला, आणि इथपर्यंत रुग्णालयाची काही हरकत नव्हती.

कोलेस्टेरॉलची गोळी त्या दोन वर्षांपासून घेत होत्या. ती हृदय विभागाची, निळ्या फायलीतली. खोकल्यासाठी छाती विभागाने सात दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं. ते पिवळ्या फायलीत. निळी आणि पिवळी फाइल एका टेबलावर उघडायची नाही असा त्या रुग्णालयाचा दंडक होता, कारण टेबलं दोन होती.

गोळ्या देताना औषधवाला कैलास थबकला. "काकू, हे दोन्ही संगं घेणं बरं नाई. स्नायूंवर जाते. खोकल्याच्या गोळ्या सरेपर्यंत कोलेस्टेरॉलची बंद ठेवा लागते. पण बंद करणं डॉक्टरच्या हाती. त्याइले विचारून या."

सुलोचनाबाईंना यात नवल वाटलं नाही. सोमवार आणि एकादशी एकाच दिवशी आली की उपास कसा सोडायचा, हे त्या चाळीस वर्षं सांभाळत होत्या. मात्र घेतलेला नेम विचारल्याशिवाय मोडायचा नाही, हाही त्यांचा नेमच. म्हणून त्या विचारायला गेल्या, आणि विचारून होईस्तोवर दोन्ही गोळ्या देवापुढे हात जोडून वेळेवर घेत राहिल्या.

छाती विभागाचे डॉक्टर रत्नदीप म्हणाले, निळी गोळी आमची नाही. हृदय विभागात सांगण्यात आलं, खोकला आमचा नाही. रीतसर अर्ज करावा, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. अर्जाचं नाव 'गोळी-स्थगिती विनंती'. निकालाची मुदत सात कामकाजी दिवस. तळाशी टीप: निकाल लागेपर्यंत दोन्ही गोळ्या चालू ठेवाव्यात; अन्यथा स्थगित करण्याजोगे काही न उरल्याने अर्ज फेटाळण्यात येईल.

चौथ्या दिवशी मांड्या इतक्या दुखू लागल्या की पाटावरून उठताना भिंत धरावी लागली. या दुखण्याला तिसरी, हिरवी फाइल मिळाली. हिरव्या फायलीच्या बाईंनी संभाव्य कारणांची यादी केली: निळी गोळी, पिवळी गोळी, औदुंबराला रोज एकावन्न प्रदक्षिणा. पहिली दोन कारणं अन्य विभागांच्या अखत्यारीतली. उरलेलं कारण तत्काळ बंद करण्यात आलं.

"पण बाई, प्रदक्षिणा तं मी वीस वर्षांपासून घालून राह्यली," सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या. "पाय आजच धरले. देवाचं बंद होते, अन् गोळी काऊन नाई होत?"

"देवाची फाइल नाई न मावशी. कोणाची सही घ्या लागत नाई."

सहाव्या दिवशी लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. अर्ज तोवर जावक टेबलावरून आवक टेबलावर पोचला होता. सून दिपाली त्यांना ऑटोत घालून पुन्हा छाती विभागात घेऊन गेली.

रांगेत सहानुभूती भरपूर मिळाली. इथं माणसाची किंमतच नाही, या डॉक्टरानं त्या डॉक्टराला फोन लावला तर याचा हात झडतो काय, असं सगळे मोठ्यानं बोलत होते. डॉक्टर रत्नदीप यांच्या कानावर ते गेलं असावं. त्यांनी दंडक मोडून निळी फाइल पिवळीच्या शेजारी उघडली, लघवीचा रंग दोनदा विचारला आणि खुर्चीत ताठ बसले. "पाच मिनिटं थांबा मावशी. हृदयवाल्यांशी बोलतो. स्नायूंचं किडनीवर गेलेलं दिसतं. आजच भरती करावं लागेल बहुतेक."

फोन वाजत राहिला. दुसऱ्या मिनिटाला रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काकू, तुमचं झालं असन तं सरका न थोडं. आमाले बी घरी जा लागते."

उभ्या आयुष्यात सुलोचनाबाईंनी आपल्यापायी कुणाला खोळंबू दिलं नव्हतं. दोन्ही फायली मिटून, दिपालीच्या खांद्यावर भार टाकून त्या बाजूला झाल्या आणि भिंतीच्या आधाराने दाराबाहेर गेल्या. पलीकडून फोन उचलला गेला तेव्हा डॉक्टरांनी मान वर केली. समोर दुसराच पेशंट बसला होता.

'सरका न थोडं' म्हणणारा तो आपणच होतो. आपल्याला फक्त रिपोर्ट दाखवायचा होता.