उकरी घुशीला प्रवेश मिळतो

एका जंगलात एक घूस राहत होती. नाक मुरडू नका, बाळांनो. घूस म्हटलं की तुम्हाला गटार आठवतं, हा तुमच्या शहराचा दोष आहे, घुशीचा नाही. ही घूस ओढ्याकाठी एका हिवराच्या झाडाखाली आईबरोबर राहत होती. तिचं नाव उकरी.

उकरीसारखं बीळ अख्ख्या जंगलात कुणी खणत नसे. माती नुसती हुंगून ती सांगायची, इथे खणा, तिथे नको. तिचं स्वतःचं बीळ तर बघत राहावं असं होतं. दाणे ठेवायची खोली वेगळी, निजायची वेगळी, आत आलेलं पाणी जिरायला खाली एक खड्डा. आणि कुठेतरी एक मागचं दार. घुशींच्या कुळात फारसे नियम नाहीत, पण एक कडक पाळतात. मागचं दार कुठे आहे ते सख्ख्या नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही.

तर उकरीचं बरं चाललं होतं. तेवढ्यात जंगलात गोंड्यांची साथ आली.

दूरदूरच्या अरण्यांत जाऊन जो उच्च शिक्षण घेऊन येई, त्याच्या शेपटीला तिथली मंडळी लाल गोंडा बांधून पाठवत. गोंडेवाला दिसला की सगळे उठून उभे राहत. अशाच एका गोंडेवाल्या मुंगसाने सशांच्या वस्तीला बिळं खणून दिली आणि ती पहिल्याच आठवड्यात कोसळली. आता, साध्या प्राण्याचं बीळ कोसळलं तर बीळ कोसळलं असं म्हणतात. गोंडेवाल्याचं कोसळलं तर त्याला प्रयोग म्हणतात. सशांनी मुंगसाचा सत्कार केला.

सत्काराला उकरीही गेली होती. तिला राहवेना. ती सशांच्या म्होरक्याला म्हणाली, "अहो, तिथली माती पोकळ आहे. ओढ्याच्या अलीकडे खणा. मी दाखवते."

म्होरक्याने आधी तिच्या शेपटीकडे पाहिलं. "तुमचं शिक्षण कुठं झालं म्हणालात?"

"बिळात."

ससे हसले. सशांना हसू आवरत नाही आणि ते आवरायचा प्रयत्नही करत नाहीत. पण ते हसू उकरीच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन ती जेवलीही नाही.

"आई, मला गोंडा पाहिजे."

"कशाला गं? चांगली खणतेस की."

"चांगली खणते हे मला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

याला तुमच्याकडे उत्तर आहे का? नाही ना? मग गप्प बसून ऐका.

प्रवेशाचं काम म्हटलं की जंगलात सगळे कोल्हेसाहेबांकडे जात. कोल्हेसाहेब स्वतः कुठेच शिकले नव्हते, त्यामुळे त्यांना सगळीकडची माहिती होती. "तीन ठिकाणी अर्ज करायचे," ते म्हणाले. "एक स्वप्नातलं, एक आवाक्यातलं आणि एक, कुणीच घेतलं नाही तर. पूर्वारण्य हे स्वप्नातलं. दक्षिणारण्य आवाक्यातलं. तिसरं हे नवीन निघतंय, बिलविद्यापीठ. कुलगुरू फार लांबचे आहेत. म्हणजे स्वतःच फार लांब आहेत. फक्त इमारतीची जागा अजून ठरायची आहे."

मग आलं उद्देशपत्र. आपल्याला हा विषय का शिकायचा आहे ते त्यात लिहायचं असतं. उकरीने लिहिलं, ‘बिळं राहायला लागतात म्हणून.’

कोल्हेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. "असं नसतं हो लिहायचं. लिहा, लहानपणी एकदा मातीने मला हाक मारली."

"माती कशी हाक मारेल?"

"पूर्वारण्यात मारते."

उकरीने लिहिलं.

मग आलं शिफारसपत्र. त्यासाठी ती कासवगुरुजींकडे गेली. गुरुजी म्हणाले, "तूच लिहून आण. मी पंजा उठवतो. मला सवड कुठे आहे?" आणि कवचात जाऊन झोपले. आता स्वतःची स्तुती स्वतः कशी लिहायची? उकरीने पुष्कळ विचार करून लिहिलं, ‘बरी खणते.’ ते वाचून कोल्हेसाहेबांनी कपाळावर हात मारला. "पूर्वारण्याला अर्ज करणाऱ्या त्या भाल्या साळिंदराने काय लिहून नेलंय ठाऊक आहे? ‘असा विद्यार्थी शतकातून एकदाच जन्मतो.’ गुरुजींनी डोळे झाकून पंजा उठवला." उकरी प्रामाणिक होती. तिने लाजत लाजत लिहिलं, ‘शतकातून दुसऱ्यांदा.’

शेवटी राहिला कामाचा नमुना. स्वतः खणलेल्या बिळाचा नकाशा अर्जाला जोडायचा होता. तो तिने झोकात काढला. कोल्हेसाहेबांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "मागचं दार दिसत नाही?"

"ते दाखवत नाहीत आमच्यात."

"मग राहू दे. भाल्याने सगळं दाखवलंय. समिती म्हणेल, या घुशीला अर्धंच बीळ खणता येतं."

बाळांनो, कुळाचा नियम शेकडो पिढ्यांचा होता आणि अर्जाची मुदत त्या संध्याकाळची होती. उकरीने मागचं दार काढलं. तिन्ही नकाशांवर काढलं. ओळखायला सोपं जावं म्हणून शेजारची निवडुंगाची जाळीसुद्धा काढली.

अर्ज गेले आणि वाट बघणं सुरू झालं. निकाल कावळा आणत असे आणि तो फक्त टेकडीवरच्या सपाट खडकावर उतरे. ज्याचं नाव पुकारलं तो हजर नसला तर कावळा निकाल घेऊन परत जाई. म्हणून सगळे उमेदवार खडकावर जाऊन बसले. तिथे कुणी काही करत नसे. आभाळात काळा ठिपका दिसला की सगळे उभे राहत. ती घार निघाली की सगळे बसत. उकरीच्या नखांतली माती वाळून गळून गेली. आई रोज डबा घेऊन टेकडी चढे आणि रोज विचारी, "आलं का काही?" हा प्रश्न विचारू नये, बाळांनो. आलेलं असलं तर न विचारता सांगतात.

एक दिवस खरंच कावळा आला. भाल्या साळिंदराला पूर्वारण्यात प्रवेश मिळाला होता, वर राहणं-खाणं फुकट. "अभिनंदन," उकरी म्हणाली आणि नंतर बराच वेळ एक गवताची काडी चावत राहिली. तिलाही पूर्वारण्याचं उत्तर होतं. ‘आपला अर्ज अत्यंत उत्कृष्ट होता. यंदा उत्कृष्ट अर्ज फारच आले, म्हणून आम्ही वेगळे काही निवडले.’ दक्षिणारण्याने तिला प्रतीक्षायादीत टाकलं होतं. ‘जागेवरून हलू नये,’ एवढंच कळवलं होतं.

त्याच दुपारी आई पुन्हा टेकडी चढून आली. तिच्या हातात डबा नव्हता आणि तिला धाप लागली होती.

"उकरे, घरात कुणीतरी शिरलंय. लांबलचक आहे. मागच्या दाराने आलंय."

"मागच्या दाराने? ते कुणाला कसं कळेल?"

"ते मला काय माहीत? आत्ता सुस्त पडलंय. आपण दोघींनी दोन्ही दारं बुजवली तर कोंडलं जाईल. पण लगेच चल. एकदा रुळलं की संपलंच."

उकरी उठली. बीळ तिचं होतं. त्यातली प्रत्येक ओंजळ तिने स्वतः बाहेर टाकली होती. ती खडकाच्या कडेपर्यंत आली आणि तेवढ्यात आभाळात काळा ठिपका दिसला.

"आई, थोडं थांब. मी गेले आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं तर?"

"आणि घर?"

"घर काय, पुन्हा खणता येईल. प्रवेश वर्षातून एकदाच असतो."

तो ठिपका घार होती. पण मग दुसरा ठिपका आला, मग तिसरा. आई तिथेच खाली बसली. मला विचाराल तर उकरीने तेव्हाच जायला हवं होतं. पण मला कोण विचारतं? मलाही गोंडा नाही.

कोल्हेसाहेब म्हणाले होते तसंच झालं. दक्षिणारण्याने प्रतीक्षायादी बंद केली आणि तिसरं पत्र आलं. ‘बिलविद्यापीठ आपणास प्रवेश देण्यास उत्सुक आहे. फक्त तोंडी परीक्षा बाकी. इमारत मिळाली आहे. सूर्य मावळायच्या आत होकार कळवून हजर राहावे.’ खडकावर उरलेल्या सगळ्यांनी उकरीला मिठी मारली. आईनेही मारली. उकरी रडली, हसली आणि कोल्हेसाहेबांच्या मागून टेकडी उतरू लागली.

ओढा आला. हिवर आला. उकरीचे पाय कुणी न सांगता वळले.

"अगं, हे तर आपलं बीळ," आई म्हणाली.

दारावर पाटी होती. पाटीखाली उमेदवारांची रांग होती. आत, दाणे ठेवायच्या खोलीत, नागोबा वेटोळं घालून बसले होते. हेच कुलगुरू. तुमच्या आजीने तुम्हाला यावर एक म्हण शिकवली असेल. ती विद्यापीठाच्या आवारात उच्चारायला बंदी आहे.

"बसा," नागोबा म्हणाले. "आपला नकाशा आम्हाला फार उपयोगी पडला. इमारत कशी वाटली?"

"चांगली आहे," उकरी म्हणाली. "ती पलीकडची भिंत तेवढी ओलसर राहिलीय. तिला आतून चिकणमाती लावायची होती."

"ती मुद्दाम ओली ठेवली आहे. तिथे आर्द्रता विभाग आहे." नागोबांनी जीभ आतबाहेर केली. "आता एकच प्रश्न. सोपा आहे. हे बीळ कुणी खणलं?"

कोल्हेसाहेब छताकडे बघू लागले. मागे रांग ताटकळत होती. दारात आई उभी होती.

उकरीला उत्तर येत होतं. जंगलात तेवढं पक्कं उत्तर दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. पण ते दिलं तर ती दाराबाहेर जाणार होती. बाहेर घर नव्हतं. ते इथेच होतं. बाहेर सशांचं हसणं होतं आणि पुढच्या वर्षीचा खडक होता. तिने आईकडे न बघता तोंड उघडलं.

"आपण खणलंत, सर."

नागोबा आनंदाने डोलले. "याला म्हणतात विषयाची जाण. घ्या हिला."

उकरीला जागाही चांगली मिळाली. निजायच्या खोलीत, पूर्वी ती जिथे निजायची त्याच कोपऱ्यात. त्याचं भाडं वेगळं होतं.

कोल्हेसाहेबांनी आईला हळूच बाहेर काढलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "साहेब, मुलीला भेटायची वेळ काय असते?"

"रविवारी. पण पालकांनी आत यायचं नाही. दारातच बोलायचं."

"बरं," आई म्हणाली. आणि ती ओढ्याच्या पलीकडे निघून गेली.

तात्पर्य: बीळ खणताना हात आखडता घेऊ नये, ऐसपैस खणावं. जितकं मोठं खणाल, तितकी पुढे त्यात आपल्याला जागा मिळायची शक्यता जास्त.