चोवीस पौंडांची स्प्रिंग

अस्वल समोर आलं तर काय करायचं, हे एल्डन स्ट्रूडला अमेरिकेतल्या अख्ख्या मोंटाना राज्यात सगळ्यात जास्त कळत होतं. प्रत्यक्षात अस्वल आजवर एकदाच समोर आलं होतं, आणि तेव्हा हा टपालाच्या गाडीत काचा वर करून बसला होता.

टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने अस्वलासाठी म्हणून जबरी काडतुसांचं पिस्तूल घेतलं. ज्या नेमबाजी क्लबचा तो जुना सभासद, तिथल्या मैदानावर त्यातून पहिलीच गोळी झाडली, तर काडतुसाची रिकामी पुंगळी वीस फूट उडून एका सभासदाच्या कॉफीत पडली.

"स्प्रिंग हलकी पडतेय," क्लबची प्रमुख ट्रुडी म्हणाली. "गोळी सुटली की पिस्तुलाचा हा वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे येते, तो धक्का स्प्रिंगने झेलायचा असतो. थोडी जड घाल, झाडून बघ, मग पुढची."

एल्डनने सोळापासून चोवीस पौंड ताकदीपर्यंतच्या पाच स्प्रिंगा मागवल्या आणि थेट चोवीसची बसवली.

"मग मधल्या कशाला आणल्यास?" बायकोने, नोरीनने विचारलं.

"त्या लेच्यापेच्या माणसांसाठी."

एकेक झाडून बघायला त्याला वेळच नव्हता. नवख्यांना शिकवायला मिळावं म्हणून सहा वर्षं ट्रुडीचं डोकं खाल्ल्यावर शनिवारचा एक वर्ग त्याच्या पदरात पडला होता. विषय, योग्य स्प्रिंग कशी निवडावी. वर्ग जमला तर कायमचा शिक्षक, नाही तर पुन्हा लक्ष्यांवर कागद चिकटवायचं काम.

शनिवारी नऊ नवखे जमले. एल्डनने बूट पुढे केला. "माझी पुंगळी इथे पडणार. या टोकाशी."

मग त्याने ट्रुडीने दिलेली सरावाची सौम्य काडतुसं भरली आणि पहिलं काडतूस नळीत चढवण्यासाठी स्लाइड मागे ओढायला जोर लावला. स्लाइड हलली नाही.

"अशी घट्टच हवी," तो म्हणाला. त्याने पिस्तूल पोटाशी घेतलं, गुडघे वाकवले, दातओठ खाल्ले.

"नळी मातीच्या ढिगाकडे ठेव, एल्डन," ट्रुडी ओरडली.

"तोवर अस्वल थांबतं का रे बाबा?" मागून एका नवख्या म्हातारीने विचारलं.

एल्डनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी वर्ग बघायला आलेली नोरीन उठली. तिचा धंदा घोड्यांना नाल ठोकण्याचा. तिने एका हिसक्यात स्लाइड ओढली, पिस्तूल नवऱ्याच्या हातात दिलं आणि जागेवर जाऊन बसली.

एल्डनने गोळी झाडली. नऊच्या नऊ जण वाकून बुटाशी पुंगळी शोधू लागले. ती तिथे नव्हती. सौम्य काडतुसाला ती स्प्रिंग पुरती दाबताच आली नाही, आणि पुंगळी अर्धवट बाहेर येऊन स्लाइडमध्येच उभी अडकली होती.

"लांब जाणार नाही म्हणाला होता, ते मात्र खरं," म्हातारी म्हणाली.

एल्डनने पिस्तूल रिकामं करून ठेवलं आणि खळीचा डबा उचलला. सहा वर्षांची हौस सहा मिनिटांत फिटली होती. त्याला फार वाईट वाटलं.

"कुठे निघालास?" ट्रुडीने विचारलं.

"कागद चिकटवायला."

"ठेव तो डबा. चुकीच्या स्प्रिंगने काय होतं हे मी इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगतेय, कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. आज सगळ्यांना कळलं. इथून पुढे हा वर्ग तुझा."

एल्डनची मान ताठ झाली. "मग पुढच्या वेळी अठराची बसवून आणतो."

"खबरदार. चोवीसचीच आण," ट्रुडी म्हणाली. "आणि नोरीनलाही आण, स्लाइड ओढायला."