परबकाकींचा वॉकर

बुधवार, १९ नोव्हेंबर. दुपारची आवराआवर झाल्यावर वॉकर घासायला घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा, घडी होणारा, साधाच. पण तो परबकाकींचा. उद्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला बेचाळीस दिवस होतात, आणि बेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला परबकाकी आपला वॉकर न्यायला येतात. पेशंट चालतो की नाही, हे त्या विचारत नाहीत. वॉकर मळलेला असला तर मात्र विचारतात.

विक्रोळीतल्या आमच्या सोसायटीत चार इमारती आहेत आणि लिफ्ट एकीलाही नाही. जन्मभर जिने चढलेल्यांचे गुडघे आता एकामागून एक बदलायला आलेत. ऑपरेशन कुठल्याही हॉस्पिटलात होवो, वॉकर परबकाकींचाच. त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. वय बहात्तर, दोन्ही गुडघे मूळचे, आणि नारळांची पिशवी घेऊन चौथा मजला न थांबता गाठतात.

वॉकर देताना त्या स्वतः घरी येतात आणि पेशंटच्या घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करतात. "ह्या दिसापर्यंत वॉकर तुझो. मगे माझो." कोणी कुरकुर केली की ठरलेला प्रश्न, "पाय तुझो की वॉकराचो?"

एरवी त्या आमच्यासारखंच मराठी बोलतात. मालवणी फक्त रागावल्यावर. त्यामुळे पेशंटांशी मालवणीच.

मागच्या इमारतीतल्या साळवीकाकांना फिजिओवाल्या मुलीने काठीवर यायला सांगून आठवडा झाला होता, तरी ते वॉकर सोडेनात. बेचाळिसाव्या दिवशी ते पलंग आणि खिडकी यांच्या बरोबर मध्ये असताना काकी आत आल्या. साध्या मराठीत, गोड आवाजात म्हणाल्या, "काका, जरा हात वर करा बघू." काकांना वाटलं, काही व्यायाम असेल. हात वर गेले आणि वॉकर जिन्याने खाली गेला. काका खोलीच्या मध्यभागी खांबासारखे उभे. मुलाला फोन करायचा तर फोन पलंगावर. शेवटी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. पाचव्या शिट्टीला काका स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आले. हा प्रसंग ते आता गड सर केल्यासारखा सांगतात.

शाहबेन जरा हुशार. त्या म्हणाल्या, "डॉक्टर बोला, दो हफ्ता और रखो." काकींनी तिथेच त्यांचा मोबाइल घेतला, डॉक्टरला लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आवाज आला, "मैंने? मैंने तो पिछले हफ्ते ही बोला था, छोड़ दो!" शाहबेन दोन दिवस काकींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भांडायला म्हणून जिना उतरून आल्या, एकट्या. काकींनी त्यांना ढोकळ्याची कृती विचारली.

रिपोर्ट, एक्स-रे वगैरे काकींना दाखवायला जाऊ नये. "एक्स-रे भिंतीक टांग. जिनो उतरून दुधाची पिशवी घेवन ये, मगे सांग ऑपरेशन बरा झाला म्हणान." आतापर्यंत अकरा पेशंट, अकराही चालतात, हे त्या स्वतः सांगतात. वॉकरच्या दांडीवर प्रत्येकाच्या नावाची पांढरी चिकटपट्टी असते, जुन्या पट्टीवर नवी.

आमचं प्रकरण मात्र अडलं होतं. सासूबाईंचा एक्स-रे उत्तम, गुडघा छान वाकतो, जखम केव्हाच भरली. फिजिओवाली म्हणाली, "पायाला काही झालेलं नाही, भीती आहे फक्त. आता काठी." सासूबाईंनी काठी खिडकीला आडवी लावली आणि तिच्यावर ब्लाउज वाळत घातला. पलंग ते बाथरूम, वॉकर पुढे आणि मी मागे, एवढाच त्यांचा प्रवास. म्हणतात, "मी पडले तर निस्तरायचं तुलाच आहे." हे खरंच आहे. मला नोकरी आहे, दोन स्वयंपाक आहेत. म्हणून मी सरळ हिशेब केला, काकींकडून दोन आठवड्यांची मुदत मागायची.

घासताना गरम पाण्याने चिकटपट्ट्यांचा सगळा थरच सुटून हातात आला. मोजल्या तर बारा, आणि सासूबाईंची वरची धरून तेरा. सगळ्यात खालच्या पट्टीवर शाईच्या पेनाने लिहिलं होतं, 'वि. म. परब'.

ती पट्टी घेऊन खाली गेले. काकी कोळंबी सोलत बसल्या होत्या.

"काकी, दोन आठवडे वाढवून द्या."

"नाय."

"घाबरतात हो त्या."

"भियाता तर भियांदे. पाय तिचो की वॉकराचो?"

मी पट्टी पुढे केली. "तुम्ही तर अकराच म्हणता. मग हे?"

काकींचे हात थांबले. मग त्या साध्या मराठीत बोलायला लागल्या.

"पहिला पेशंट. आमचे हे."

परबकाका मला आठवत होते ते खिडकीशी खुर्चीत, समोर कठड्यासारखा हा वॉकर. आम्ही इथे नवीन होतो. आम्हाला वाटायचं, त्यांना अर्धांगाचा झटका आला असावा.

"ऑपरेशन चांगलं झालं होतं गं. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांत नाक्यावर जातील. मीच जाऊ दिलं नाही. व्यायाम करताना हे कळवळले की मी त्या मुलीला थांबवायची. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवायची. ती सांगायची, काकू, उशी नको, पाय वाकडा राहील. ती गेली की मी परत ठेवायची. पाणी हातात, ताट हातात. जन्मभर गिरणीत मशीनपुढे उभे राहिले, म्हटलं, आता बसू देत. पाय वाकडाच राहिला. पाच वर्षं बसले." त्यांनी एक कोळंबी उचलली, तशीच परत ठेवली. "लोक म्हणायचे, परबीण नवऱ्याचं किती करते. मला बरं वाटायचं."

मी ताटली ओढली आणि कोळंबी सोलायला लागले.

मग काकींनी माझ्या ताटलीत डोकावून पाहिलं. "धागो रवलो बघ गो. नीट काढ." आणि मी उठताना म्हणाल्या, "दोन आठवडे नाय. उद्या धा वाजता."

गुरुवार, २० नोव्हेंबर. मी दहाची वाट पाहिली नाही. सकाळी साडेसहालाच वॉकर घडी करून काकींच्या दाराशी ठेवून आले. सासूबाई झोपेत होत्या. काठी त्यांच्या पलंगाला टेकवली. मग चहा केला. सासूबाईंचा कप मी रोज बशी झाकून पलंगापर्यंत नेते. आज तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, "आई, चहा!" अशी हाक मारली आणि दाराआड उभी राहिले.

आधी माझ्या माहेरचा उद्धार ऐकू आला. मग पावलं.