बारा रणगाडे आणि अचूक चिखल

रणगाडा कसा रंगवावा, हे आमच्या क्लबात मला सोडून कोणालाही कळत नाही. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे, त्यामुळे हे मोजूनमापून सांगते आहे.

आमचे रणगाडे असतात दोन सेंटिमीटर लांब. ते रंगवायचे, नाण्याएवढ्या चकतीवर चिकटवायचे, चकतीवर माती-गवताचा देखावा करायचा आणि मोठ्या टेबलावर लढाई खेळायची. शत्रूचं ठाणं उडवलं की जिंकलात. यंदा दुसऱ्या एका क्लबाशी सामना ठरला होता आणि आमच्या संघात एकच जागा उरली होती. दावेदार दोन: मी आणि दातांचे डॉक्टर.

डॉक्टरांचे रणगाडे हिरवेगार, चकचकीत. रणगाडे कसले, पुदिन्याच्या गोळ्या! खरा रणगाडा दिसू नये म्हणून रंगवतात, एवढंही या गृहस्थांच्या गावी नाही.

मी क्लबाच्या टेबलावर पसरलेला रंगीत भुसा चिमूटभर घरी आणला आणि त्याच्याशी जुळेपर्यंत तपकिरीच्या सतरा छटा कालवल्या. लांबची वस्तू फिकट दिसते, म्हणून हिशेबाने पांढरा मिसळला. चकत्यांवरही तोच भुसा. जेवणाचं टेबल पुसताना वहिनीने एक रणगाडा फडक्याने गोळा करून केरात टाकला. तिला तो चिखल वाटला होता; मी तो केरातून परत उचलला. एवढी दाद मला विद्यापीठानेही दिली नव्हती.

निवडीच्या लढाईत प्रत्येकाला एक तास. दुसऱ्याच फेरीत मी तीन रणगाडे टेकडीमागून पुढे धाडले आणि मग पुलावरच्या चकमकीत गुंतले. पाचव्या फेरीत मोजले, तर बारापैकी नऊच! टेबलावर नाक टेकवून पाहिलं, खाली रांगून पाहिलं. घड्याळ माझंच चालू होतं. एवढ्यात डॉक्टरांचा फुगलेला खिसा दिसला.

"डॉक्टर, खिसा रिकामा करा."

"अगं, मी दात काढतो, रणगाडे नाही," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी खिसा टेबलाच्या कडेला उपडा केला. किल्ल्या, चष्म्याचं फडकं आणि कोणाची तरी खालची कवळी. शास्त्रीय पद्धत अर्धवट सोडायची नाही, म्हणून मी कवळीही उलटी करून पाहिली.

तेवढ्यात माझा तास संपला. पंचकाकांनी डॉक्टरांना विजयी घोषित केलं आणि अभिनंदन करायला ते टेबलावरून पुढे वाकले, तसं त्यांच्या तळहाताला काहीतरी टोचलं. डॉक्टरांच्या ठाण्यामागे, दोन बोटांच्या अंतरावर, माझे दोन रणगाडे उभे होते. दुसऱ्या फेरीपासून! एक गोळा डागला असता तरी संघातली जागा माझी होती. डॉक्टरांना ते दिसले नव्हते. मलाही नव्हते.

काकांनी एक उचलून भिंगाखाली धरला. "रंग फार छान जमलाय हो," ते म्हणाले. "दोन्ही सैन्यं फसली."

संघात डॉक्टर गेले. मी घरी येऊन माझ्या रणगाड्यांवर ठळक लाल आकडे घालायला बसले. एक ते अकरा झाले. बारावा अजून क्लबाच्या टेबलावरच कुठेतरी लढतोय.