ट्रेंट डिर्क्स याची एकतीस डोकी

आदौ वाचणारांसी विदित व्हावे जे, कान्सस मुलखी दर चौथे वर्षी गव्हर्नरीची निवडणूक होते, आणि गव्हर्नर कोण होणार हे लोकांनी ठरवण्याआधीच लोकांस कळवावे, हा तेथील मतचाचणीवाल्यांचा मानपान. जे लोक फोन उचलीत नाहीत त्यांचे मनी काय आहे, हे त्यांसच फोन करून जाणावे, ऐसी ही अजब विद्या. तिचे बळावर सलायना शहरी लाईल अनरू साहेबांनी ऑक्टोबर माहे जी मोहीम मारली, तिचे वर्तमान कोणाची भीड न धरता, आणि कोणाची लाज राखण्याचे जोखीम न पत्करता, यथास्थित लिहिले असे.

अनरू साहेबांचे ठाणे दातांचे दवाखान्याचे वरले मजल्यावर, दोन खोल्यांचे. वय एकसष्ट, चष्मा दुहेरी, लौकिक बहुत थोर. तो लौकिक ऐसा की, अठ्ठावीस वर्षांत साहेब एकटे कधी चुकले नाहीत. बाकीचे मतचाचणीवाले बरोबर ठरले तेव्हा हेही ठरले, आणि बाकीचे तोंडघशी पडले तेव्हा साहेब त्याच ठिकाणी, त्याच कुशीवर, त्यांचे शेजारी पडलेले आढळले. मोठ्या शहरांतून या लोकांची प्रतवारी लावणारे पंडित आहेत, ते शाळामास्तरासारखे अ, ब, क ऐसे शेरे देतात. साहेबांचा शेरा 'ब' होता आणि तो 'क' होऊ नये, एवढ्याच चिंतेने साहेबांची झोप उडत असे. लोकशाहीचे काय व्हावे, हा प्रश्न त्यांचे खात्यातला नव्हे.

ते साली गव्हर्नरीस तिघे उभे. हत्तीचे निशाणाखाली रिपब्लिकनांचे ग्रँट हेसलटाईन, गाढवाचे निशाणाखाली डेमोक्रॅटांच्या पॉला विंटरोडबाई, आणि कोणतेच जनावर निशाणावर न घेता नोला फ्रीस, ज्या पेशाने खुद्द जनावरांच्याच डॉक्टर. फ्रीसबाईंचा मुद्दा एकच. पश्चिम कान्ससचे पोटातले पाणी उपसून उपसून संपत आले, विहिरींतून वाळू येऊ लागली, आणि याविषयी बाकीचे दोघे चकार शब्द काढीत नाहीत. कारण उपसणारे दोघांचेही मतदार, आणि उपसा थांबवा म्हणावे तर मते थांबतात. सबब फ्रीसबाईंचे म्हणणे, मला एकदा टीव्हीवरील वादसभेचे मंचावर या दोघांमध्ये उभे राहू द्या आणि अवघ्या मुलखादेखत हा एक प्रश्न पुसू द्या, मग मी हरले तरी बेहत्तर.

यावर विचिटा शहरीच्या टीव्हीवाल्या सरकारांचे फर्मान सुटले की, ज्या उमेदवारास अनरू साहेबांचे चाचणीत शेकडा दहा कौल पडेल त्याने मंचावर यावे, ज्यास न पडेल त्याने घरी बसून पाहावे. आणि आकडा गुरुवारी दोन प्रहरी बारापर्यंत हुजुरात रुजू व्हावा. याप्रमाणे एका मुलखाचे पाणी एका दवाखान्याचे वरले मजल्यावर येऊन ठेपले.

मग साहेबांनी फौज जमा केली. फौज म्हणजे नऊ फोन, नऊ खुर्च्या, आणि त्यांवर बहुतकरून पेन्शनीत निघालेल्या बायका. त्यांच्या सरदार मार्वेला गर्टझनबाई, वय सहासष्ट, पूर्वी शाळेच्या बसगाड्यांचे वेळापत्रक सांभाळीत, सबब ओरडणाऱ्या माणसांची त्यांस सवय. रविवारपासून रोज सायंकाळी पाच ते आठ हल्ला चालला. चौदा हजार ठिकाणी फोन गेले. तेरा हजारांनी उचललेच नाहीत, आणि ज्यांनी उचलले त्यांनी बहुत करून मतापेक्षा आपले तबियतीचेच वर्तमान सांगितले. एबिलीनचे एक म्हातारे म्हणाले, "बाई, तुम्ही गेल्या खेपेलाही मलाच फोन केला होता. या राज्यात मी एकटाच राहतो की काय?" कान्ससातल्याच मॅनहॅटन गावची एक बाई म्हणाली, "थांबा, नवऱ्याला विचारून सांगते," आणि त्यावर मागून नवऱ्याचा आवाज आला की, "तिला सांग, आपण घरी नाही."

ऐसे लढत लढत बुधवारचे सायंकाळी पाचशे नव्व्याण्णव जबान्या हाती आल्या आणि सहाशे पुऱ्या होण्यास एक उणी राहिली. परंतु संकट निराळेच उपजले. या विद्येत माणसांचे खाने पाडलेले असतात. म्हाताऱ्या, पदवीधर, शहरी बायका फोनवर बोलावयास उतावीळ, त्यांचा खाना उतू गेला. आणि पश्चिमेकडील, तिशीचे आतले, कॉलेजाचा उंबरा न ओलांडलेले पुरुष, जे शिरगणतीचे हिशेबे सहाशांत एकतीस पाहिजेत, त्यांचे खान्यात एकही डोके नाही. तेव्हा साहेबांनी हुकूम फर्मावला की, पश्चिमेस वळावे आणि त्या जातीचा एक तरी जिवंत असामी धरून आणावा.

मार्वेलाबाईंनी सदतीस फोन केले. अडतिसावा उचलला गेला. तो ट्रेंट डिर्क्स, वय सव्वीस, स्कॉट परगण्यात गुरांचे गोठ्यावर नोकर. त्याने अनोळखी नंबर उचलण्याची चूक का केली, हे त्याचे पहिले वाक्यातच उघड जाहले.

"हॅलो, टायर आले का?"

"टायर नाही रे राजा. मी सलायनाहून मार्वेला बोलतेय. गव्हर्नरच्या निवडणुकीचे अकरा प्रश्न आहेत, सात मिनिटं लागतील."

"मॅडम, माझ्यासमोर चारशे बैल उभे आहेत."

"त्यांना नाही विचारायचं, तुलाच विचारायचंय."

तो हसला, आणि जो हसला तो या विद्येत सापडला म्हणून समजावे. आज मतदान झाले तर कोणास मत देशील, ऐसे बाईंनी पुसले.

"फ्रीस डॉक्टरीणबाईंना. ते दोघं इथे येऊन गेले की. टोप्या घातल्या, बैलाशेजारी उभं राहून फोटो काढले, बूट पुसले आणि गेले. ही बाई आली ती थेट विहिरीवर. म्हणाली, पाणी किती खाली गेलंय, दोरी टाकून दाखव. दाखवलं तर गप्पच झाली. मॅडम, निवडणुकीतलं माणूस गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघितलं."

ही जबानी रुजू जाहली आणि ठाण्यावरील गणकयंत्राने हिशेब केला. एकतिसांचे खान्यात ट्रेंट एकटाच, सबब यंत्राने त्यास एकतीस डोकी बहाल केली. एक माणूस गोठ्यात उभा होता तो क्षणात एक पलटण जाहला, आणि त्यास याचा पत्ताही नाही. इतर जबान्यांतून फ्रीसबाईंस तेहतीस डोकी होती, त्यांत ही एकतीस मिळोन चौसष्ट, म्हणजे सहाशांत शेकडा साडेदहाचे वर. फ्रीसबाई कागदावर मंचावर चढल्या.

हा आकडा पाहोन अनरू साहेबांचा चेहरा गाईचे दुधासारखा पांढरा पडला. कारण बाकीचे सहाही मतचाचणीवाल्यांनी फ्रीसबाईंस सहा टक्के दिले होते. सहा जणांचे सहा आणि आपले साडेदहा! बरोबर ठरलो तरी एकटे, चुकलो तरी एकटे. आणि एकटेपणासारखे भय या धंद्यात दुसरे नाही. साहेब मार्वेलाबाईंस म्हणाले, "हा पोरगा खरा आहे ना? कुणी चेष्टा तर नाही केली?"

"लाईल, मागे बैल ओरडत होते. बैलांना कुणी शिकवून उभं केलं म्हणतोस?"

मग गुरुवारी सकाळी खलबत बसले. खलबतास साहेब आणि त्यांचे यंत्र, ऐसे दोघेच. ठराव जाहला की, या असामीची पूर्वपीठिका नव्याने तपासावी. इतर पाचशे नव्व्याण्णवांची तपासावी ऐसे कोणाचे मनात आले नाही, कारण त्यांचे उत्तर शेजाऱ्यांचे उत्तराशी जुळत होते आणि जुळणारे उत्तर हे खरेच असते, हा या शास्त्राचा पाया. मार्वेलाबाईंस पुन्हा फोन करावयाचा हुकूम जाहला, आणि साहेब स्वतः कान लावोन शेजारी बसले.

"परत तुम्ही? टायर अजून आले नाहीत."

"ट्रेंट, तुझ्या शिक्षणाबद्दल एक विचारायचं होतं. बारावीनंतर काही केलंस का?"

"नाही मॅडम."

तेव्हा साहेबांनी कागदावर लिहोन पुढे सरकवले, 'कसलाही वर्ग. कसलाही.' बाईंनी नाइलाजाने तेच पुसले.

"तसं म्हणाल तर इथल्या कॉलेजात वेल्डिंगचा वर्ग लावला होता. तीन शनिवार गेलो. मग भुवई जळली, सोडून दिला. का, भुवईवरही प्रश्न आहे का?"

भुवईवर प्रश्न नव्हता. परंतु साहेबांनी खुर्चीवरून उठोन फत्तेच्या हर्षे मुठी आवळल्या. 'काही काळ कॉलेज' या नावाचा निराळा खाना होता. त्यात तरणे पुरुष पुरेसे भरलेले, सबब तेथे एका असामीस दोनच डोकी मिळत.

"लाईल, त्याने भुवई जाळून घेतली. पदवी नाही घेतली," मार्वेलाबाई म्हणाल्या.

"खान्याचं नाव 'काही काळ कॉलेज' आहे, मार्वेला. तीन शनिवार म्हणजे काही काळच."

मग ट्रेंट डिर्क्स याची एकोणतीस डोकी कलम केली गेली. रक्ताचा थेंब सांडला नाही. तो खाना रिता पडला, तेव्हा मधली भिंत पाडून तो चाळिशीतले बिनपदवीचे पुरुषांचे खान्यास जोडला, जे एकजात हेसलटाईनवाले. यंत्र फिरले आणि फ्रीसबाई पावणेसहावर आल्या, ते छापताना सहा जाहले. अकरा वाजोन पन्नास मिनिटांनी आकडा विचिटास रुजू जाहला. साहेबांनी दारचिनीचा गोड पाव मागवला आणि मिरचीच्या घट्ट रश्शात बुडवोन खाल्ला, जैसी त्या मुलखी रीत.

शुक्रवारी फ्रीसबाई खुद्द ठाण्यावर चालोन आल्या. अंगावर कामाचा डगला, पायी रबरी बूट. त्या आणि साहेब एके शाळेतले, सबब मानपानास फाटा देऊन खुर्ची ओढोन बसल्या.

"लाईल, बुधवारी मी साडेदहा होते म्हणे. मार्वेलाने सांगितलं, तिला बोलू नकोस."

"तो कच्चा आकडा होता, नोला. एका माणसामुळे फुगलेला. एकावर एवढा भार टाकणं शास्त्रात बसत नाही."

"कबूल. मला आकड्यातलं कळत नाही, मी गाईंचे कानच मोजते. एवढंच सांग, तोच माणूस हेसलटाईन म्हणाला असता, तर तू त्याच्या शाळेची चौकशी केली असतीस?"

साहेबांनी चष्मा काढोन पुसला. खालचे मजल्यावर कोणाची तरी दाढ कोरण्याचे यंत्र चालो लागले.

"बाकी सगळ्यांकडे सहाच आहेत, नोला. सगळे कसे चुकतील?"

"तेही तुझ्याकडे बघून हेच म्हणत असतील. तू त्यांच्याकडे बघतोस, ते तुझ्याकडे. आमच्याकडे कोण बघतंय रे?"

बाई उठल्या, दाराशी मार्वेलाबाईंचा हात दाबला, आणि गेल्या. मार्वेलाबाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. साहेबांनी तो मंजूर केला, कारण त्यांचे वयोगटात माणसे पाहिजे त्याहून जास्तच होती.

पुढे वादसभा जाहली. नव्वद मिनिटे हेसलटाईन आणि विंटरोडबाई एकमेकांवर तुटोन पडले, आणि सीमेवरल्या भिंतीपासून शाळेचे कोणते शौचालयात कोणी जावे येथपर्यंत, मुलखात जे जे वाद नव्हते ते ते बोलिले. पाणी हा शब्द एकदाच आला, घसा सुकला म्हणून हेसलटाईनांनी ग्लास मागितला तेव्हा. मग नोव्हेंबरात मतदान जाहले. हेसलटाईन गव्हर्नर जाहले आणि फ्रीसबाईंस शेकडा सतरा मते पडली. मत टाकोन परतणारांचे रांगेतून ऐकू आलेले बोल बखरकाराने टिपले आहेत. "मला तीच पसंत होती हो, पण सहाच टक्के म्हणे, मत कशाला फुकट घालवायचं?" ऐसे एक म्हणाला, मागचा म्हणाला "माझंही तेच," आणि त्याचे मागची बाई म्हणाली "अगं बाई, तुमचंही?" परंतु तोवर तिघांनीही मते टाकली होती.

सातही मतचाचणीवाले अकरा टक्क्यांनी, एकमुखाने चुकले. तेव्हा प्रतवारीचे पंडित बसले आणि त्यांनी निवाडा दिला की, सात तज्ज्ञ एकसारखे चुकणे संभवत नाही, सबब मतदारांनीच ऐनवेळी मन बदलले आणि दोष मतदारांचा. अनरू साहेबांचा आकडा सातांच्या सरासरीस तंतोतंत जुळला, याची कदर होऊन त्यांस 'ब'वरून 'अ उणे' ही बढती मिळाली आणि तिचे पत्र चौकटीत घालोन ठाण्यावर लावले गेले.

सबब दप्तरी नोंद केली ती ऐसी: मोहीम कान्सस, नायक लाईल अनरू, मदतीस यंत्र एक. वर्तवले सहा, जाहले सतरा. मुलखाचे नुकसान झाले असेल तर ते मुलखाने पाहावे. आपले बाजूचा एकही पडला नाही, एकही एकटा सापडला नाही, आणि शत्रू जो मतदार तो पुरता खोटा ठरला. फत्ते संपूर्ण.