किमयाचं युरोप आणि माझा बोर्ड

मी फक्त ‘लाव’ एवढंच म्हणालो होतो. पुढचं सगळं आमचे मेहुणे विठ्ठलराव यांनी केलं, हे मी घरात कितीतरी वेळा सांगून पाहिलंय. (कुणी ऐकत नाही.)

झालं असं, की आमच्या किमयाला फायनान्समध्ये करिअर करायचंय. बी.कॉम.ला तिला सत्तावन्न टक्के पडले. वाईट नाहीत, पण पेढे वाटावेत असेही नाहीत. आम्ही जिलबीवर भागवलं. मग तिनं बाणेरच्या एका ऑडिट फर्ममध्ये दोन वर्षं मान मोडून काम केलं आणि एके दिवशी जेवताना जाहीर केलं, की ती युरोपातल्या बिझनेस स्कूलमधून मास्टर्स करणार.

“सत्तावन्न टक्क्यांवर युरोप?” नलिनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

“मिळतं गं आई. कॉलेज नीट निवडलं तर मिळतं.”

निवडायचं म्हटल्यावर मी ताट बाजूला सारलं. पिरंगुटच्या कंपनीत मी खरेदी विभागात आहे. निवड हा माझा प्रांत! भूगावातला हा फ्लॅटसुद्धा मीच ब्रोशर बघून निवडला. (ब्रोशरमध्ये एक तळं होतं. ते बिल्डरनं पावसावर सोपवलंय. दर जुलैत पार्किंगमध्ये येतं.)

रविवारभर बसून मी एक बिझनेस स्कूल शोधून काढलं. अहाहा! चक्क किल्ल्यात भरणारं. पुढे हिरवळ, हिरवळीवर राजहंस.

“बाबा, तिथं टॉपर घेतात,” किमया म्हणाली. “माझे मार्क बघून ते पुढचं पानसुद्धा उलटणार नाहीत. हे बघा, मी नेदरलँड्समधलं हे शोधलंय. इथं मार्कांबरोबर कामाचा अनुभव बघतात, मुलाखत घेतात, आणि शेवटचं सत्र बँकांमध्ये काम करायला पाठवतात. नोकरी तिथूनच लागते.”

मी फोटो पाहिला. “अगं, हे आमच्या कंपनीच्या गोडाऊनसारखं दिसतंय!”

“मला गोडाऊनमध्येच शिकायचंय.”

पोरगी आईवर गेलीय. तरी माझं मन राखायला तिनं किल्ल्यातही अर्ज टाकला आणि पालक म्हणून माझा मेल दिला. इथंच सगळं बिनसलं.

दुसऱ्याच दिवशी किल्ल्यातून मेल! ‘आपला अर्ज मिळाला. आपण आमची निवड केलीत, याचा आम्हाला अत्यंत आनंद झाला आहे.’

आता तुम्हीच सांगा. मी आजवर तलाठ्यापासून वीज मंडळापर्यंत सगळीकडे अर्ज केलेत. अर्ज बघून आनंद झालेला माणूस मला अजून भेटायचाय. आपला अर्ज बघितला की समोरचा आधी घड्याळ बघतो, मग जेवायला जातो. आणि इथं आनंद झालाय, तोही अत्यंत! म्हणजे काम फत्ते. (असे मेल कॉम्प्युटर आपणहून पाठवतो, हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे फारच नंतर.)

मी रिह्याला, नलिनीच्या माहेरी, विठ्ठलरावांना फोन लावला. विठ्ठलराव म्हणजे नलिनीचा धाकटा भाऊ. भातशेती आणि उत्साह, दोन्ही दांडगं.

“त्यांनला आनंद झाला म्हंत्यात?”

“अत्यंत!”

“मंग झालंच की, दाजी! बोर्ड लावू का? आपला नथू फ्लेक्सवाला हाय.”

आमच्या तालुक्यात कुणी जेसीबी घेतला तरी बोर्ड लागतो. इथं तर पोरगी युरोपला निघालेली. मी म्हणालो, “लाव.”

तो लागला थेट भूगावच्या चौकात. ‘मुळशीची वाघीण कु. किमया हिची युरोप येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मागे विमान. कोपऱ्यात किमयाचा आधार कार्डावरचा फोटो. आणि मधोमध, कमरेपासून वर, गॉगल लावलेला मी. खाली लहान अक्षरांत, ‘शुभेच्छुक : विठ्ठलराव व समस्त रिहे खोरे’. खोटं कशाला बोलू, मला बोर्ड आवडला. मी दोनदा तिकडून भाजी आणली.

किमयानं मात्र तो स्कूटरवरून ऑफिसला जाताना पाहिला. भूगावच्या ट्रॅफिकमध्ये बोर्ड वाचायला वेळ भरपूर मिळतो. ती अर्ध्या वाटेतून परत आली.

“बाबा, माझी कुठंही निवड झालेली नाहीये!”

“अगं, त्यांना आनंद...”

“तो सगळ्यांनाच होतो! अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला तोच मेल जातो!”

त्याच संध्याकाळी किल्ल्याचा दुसरा मेल आला. मार्क पुरेसे नसल्यामुळे क्षमस्व. (या वेळी त्यांना खेद झाला होता. तोही अत्यंत.)

“आत्ताच्या आत्ता तो बोर्ड उतरवा,” नलिनी कडाडली.

“उतरवला तर लोक म्हणतील, पोरीला परत पाठवली,” मी म्हणालो. शिवाय खालचे किराणावाले युनूसभाई अभिनंदन म्हणून काजूकतली देऊन गेले होते आणि आम्ही ती खाल्लीही होती.

किमया दाराशी बसून राहिली. “शनिवारी गोडाऊनवाल्यांची मुलाखत आहे. तेवढी एकच आशा उरलीय. तिथं नाही झालं, तर मी या रस्त्यानं रोज ऑफिसला कशी जाऊ, बाबा?”

पोरीचे डोळे भरले होते. शनिवारपर्यंत मला घास गोड लागला नाही. (नलिनी म्हणते, घास मोजकेच कमी झाले. पण गोड नव्हते हे नक्की.)

शनिवारी किमया खोलीत लॅपटॉपसमोर बसली. दाराबाहेर मी, नलिनी आणि खास रिह्याहून आलेले विठ्ठलराव, तिघं श्वास रोखून. बराच वेळ ठीक चाललं. मग एका प्राध्यापकानं विचारलं (हेही मला नंतरच कळलं), ‘पैशाच्या व्यवहारात लोक करतात अशी एखादी चूक तुम्ही अगदी जवळून पाहिलीय का?’

उत्तर पाठ करून ठेवलेलं असणार, पण आतून कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. नलिनीनं माझा हात घट्ट धरला. मग किमया हसली आणि भडाभडा बोलायला लागली. माझं इंग्रजी बेताचं, पण ‘माय फादर’ मला चार वेळा ऐकू आलं.

“दाजी, तुमचं नाव काडलं तिनं!” विठ्ठलराव कुजबुजले. “लई मान देती पोरगी!”

पाठोपाठ लॅपटॉपमधून हसण्याचा गडगडाट झाला. तिनं बोर्डाचा फोटोच दाखवला होता! नंतर किमयानंच समजावलं. हातात काही पडलेलं नसताना कुणाच्या गोड बोलण्याला नफा धरायचा आणि त्या नफ्याची दवंडी पिटायची, यातून मोठमोठ्या कंपन्या बुडतात, असं तिनं सांगितलं म्हणे. कंपन्यांची नावं तिला आठवत होती, पण उदाहरण घरचंच बरं वाटलं.

आठवड्यानं मेल आला. मी तो किमयाकडून तीनदा वाचून घेतला, नलिनीकडून एकदा, आणि मगच आनंदाला हात घातला. प्रवेश पक्का! प्राध्यापकांनी लिहिलं होतं, मार्क साधारण आहेत, पण धोका ओळखण्याची नजर असाधारण आहे. मी तिथंच रडलो. अहो, माझी लेक आहे ती.

खाली आणखी एक ओळ होती. पहिल्या तासाला मुलांना दाखवायला तो फोटो वापरू का?

“वापरा म्हणावं!” मी छाती पुढे काढली. “किमया जायच्या आधी मी युरोपात!”

त्यांनी वर्गात दाखवायचं चित्र आधी पसंतीला पाठवलं. तिकडे म्हणे कुणाचा चेहरा उघड दाखवायचा नाही, असा कडक नियम आहे. त्यामुळे माझ्या गॉगलवर आडवी जाड काळी पट्टी मारलेली, आणि वर इंग्रजीत ठळक अक्षरांत ‘चूक क्रमांक एक’.

विठ्ठलरावांनी कौतुकानं ते चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावलं. आमच्याकडे तशी पट्टी पेपरात कुणाच्या डोळ्यांवर असते, ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हापासून नलिनी माहेरी गेली, की समस्त रिहे खोरे तिला हळूच बाजूला घेऊन विचारतं, “आक्का, दाजींचा जामीन कवा झाला?”