बंद गाडीचं चालू रीडिंग

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मग तुम्ही खुशाल माझ्या बायकोची बाजू घ्या. त्या रविवारी मी जे काही केलं, ते रीडिंग बघून केलं. माझ्या पदरचं त्यात काहीही नव्हतं.

मी पाणीपुरवठा खात्यात ज्येष्ठ लिपिक आहे. मीटरच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात. "साहेब, घर महिनाभर बंद होतं, मग मीटर पळाला कसा?" असं विचारणारा रोज एक तरी भेटतो. त्याला मी शांतपणे सांगतो, "घर बंद असेल, मीटर बंद नव्हता. माणसं खोटं बोलतात, रीडिंग बोलत नाही." बहुतेक जण बिल भरून जातात. (काही जण जाता जाता बरंच बोलतात, पण ते इथे लिहिण्यासारखं नसतं.)

तर त्या रविवारी बायकोची मुलाखत होती. शेजारच्या गावातल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली वर्ग सांभाळून ती कंटाळली होती, आणि ही जागा हातची गेली तर पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता. अकराच्या आत पोचायचं होतं. तिला मी स्वतः गाडीने सोडणार, हे मी आठवडाभर घरात आणि ऑफिसात सांगत फिरत होतो.

आणि शनिवारी संध्याकाळी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "एखादा सेन्सर असेल. सोमवारी आणा, बघू." बघू म्हणजे काय? माणसाची बायको मुख्याध्यापिका व्हायची थांबली आहे आणि हा म्हणे सोमवारी बघू. त्यात बायको म्हणाली, "आपण टॅक्सी सांगू या का?" ते मात्र मला फार लागलं. दारात स्वतःची गाडी, घरात स्वतःचा नवरा, आणि टॅक्सी?

"काही गरज नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे स्कॅनर आहे."

हा स्कॅनर म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. स्टीअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये ते खुपसायचं, की इंजिनातल्या एकेका सेन्सरचा आकडा ब्लूटूथने मोबाइलवर दिसायला लागतो. एकावर एक फुकट होतं म्हणून मी मागवलं होतं. फुकटातलं दुसरं मी मोठ्या मनाने शेजारच्या ऑडिटरकाकांना भेट दिलं. नुसतं दिलं नाही, त्यांच्या गाडीला लावून, माझ्या मोबाइलवर सगळे आकडे काढून दाखवले. सगळं बघून ते म्हणाले, "यात रेडिओ लागतो का?" चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत, दुसरं काय.

रविवारी चहा झाल्याबरोबर मी गाडीखान्यात शिरलो. आमचं घर आणि ऑडिटरकाकांचं घर यांच्यात एकच भिंत आहे; भिंतीच्या अलीकडे आमची गाडी, पलीकडे त्यांची. मी गुडघे टेकून, मान वाकडी करून, क्लच आणि ब्रेकच्या मधे डोकं घालून ते यंत्र बसवलं. माझी आई दारात उभी राहून बघत होती.

"तुझ्या वडिलांनी जन्मात कधी गाडीत डोकं घातलं नाही," ती म्हणाली. "तरी त्यांची गाडी चालायची."

मी दुर्लक्ष केलं. ॲप उघडलं, तर ते एका क्षणात जोडलं गेलं. 'ओळखीचं यंत्र सापडलं' असं त्यावर आलं. मला बरं वाटलं. (या घरात निदान कोणीतरी मला ओळख दाखवली.) मग मी आकडे बघितले आणि हबकलो. इंजिनाचे फेरे, मिनिटाला आठशे.

"गाडी चालू आहे," मी म्हणालो.

"गाडी बंद आहे," बायको म्हणाली. ती तयार होऊन, फाइल काखेत धरून उभी होती. "किल्ली कुठे आहे?"

"माझ्या खिशात."

"मग?"

"मग काय मग? हे रीडिंग बघ ना."

"अहो, किल्ली खिशात असताना गाडी चालू कशी असेल?"

हा प्रश्न मी रोज टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकतो. माझं उत्तर तोंडपाठ होतं. "किल्ली बंद असेल, इंजिन बंद नाही," मी म्हटलं आणि बॉनेटला कान लावला. बारीक घरघर ऐकू येत होती. "ऐक. आवाजसुद्धा येतोय."

"तो भिंतीपलीकडून येतोय," आई म्हणाली.

"आई, तुला डॉक्टरांनी कानाचं यंत्र सांगितलंय ना? मग मधे बोलू नकोस."

पुढचा आकडा आणखी वाईट निघाला. इंजिनातल्या पाण्याचं तापमान अठ्ठ्याहत्तर आणि बघता बघता ऐंशी. बायकोने बॉनेटवर हात ठेवला. "गार आहे हो."

"वरून गार. आत धुमसतंय. काही माणसं नसतात का अशी?"

"असतात ना," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "काही वरूनही तापतात."

धूर सोडायच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याचा आकडा तर सारखा वरखाली उड्या मारत होता, एका जागी ठरायला तयार नव्हता. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एकही दोष नाही'. डॅशबोर्ड म्हणतो दोष आहे, हे म्हणतं दोष नाही, आणि किल्ली न लावता इंजिन चालू. माझा संताप आता मस्तकात गेला. गाडी बनवणाऱ्यांना काही लाजलज्जा?

"हे बघा," बायको म्हणाली, "मला उशीर होतोय."

तिने हे म्हणायला आणि फेरे आठशेवरून दोन हजारांवर जायला एकच गाठ पडली. मी दचकलो.

"पुन्हा बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

दोन हजार दोनशे. "तुझ्या आवाजाने इंजिन वाढतंय," मी म्हणालो. "तू जरा गप्प राहा."

ती गप्प राहिली. फेरे आठशेवर आले. माझ्या मते हा पुरावा पुरेसा होता. घराघरात हे असंच चालतं, फक्त त्याचं रीडिंग कोणी घेत नाही.

पण अशा गाडीत बायकोला बसवायचं कसं? वाटेत भडका उडाला म्हणजे? मी पाना आणला आणि बॅटरीची तार सोडवून टाकली. आता बघू कशी चालतेस. मोबाइल बघितला तर फेरे आठशेच. मी तार हातात घेऊन उभा, आणि गाडी आपली बिनबॅटरीची चालू.

"ही गाडी माझं ऐकत नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात हॉर्न वाजला. चांगला लांबलचक. मी पाना टाकून भिंतीपर्यंत उडी मारली. "आता हॉर्नही वाजवायला लागली."

"तो हॉर्न माझ्यासाठी आहे," बायको फाइल सावरत म्हणाली. "ऑडिटरकाका केव्हाचे गाडी चालू करून बसलेत. तुम्ही काल स्कॅनरचं नाव काढलंत ना, तेव्हाच मी त्यांना सांगून ठेवलं होतं."

मी तिच्यामागे बाहेर धावलो. ऑडिटरकाका काच खाली करून बसले होते. "काय हो," ते म्हणाले, "तुम्ही दिलेली ती डबी तशीच लावलेली आहे बरं का. इतके दिवस गप्प होती, आज मघापासून तिचा निळा दिवा लुकलुकतोय. कोणाशी बोलतेय कोण जाणे."

बायको गाडीत बसली. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर फेरे सतराशे झाले. गाडी हलली तसा वेगाचा आकडा आला. तीन, सात, बारा. कोपऱ्यावर गाडी वळली आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'संपर्क तुटला'.

"कानाचं यंत्र कोणाला लागणार म्हणालास?" आईने विचारलं आणि ती आत गेली.

सोमवारी गॅरेजवाल्याने पेट्रोलच्या टाकीचं सैल राहिलेलं झाकण घट्ट फिरवलं; दिवा त्यामुळेच लागला होता. एवढीच दुरुस्ती निघाली. (शनिवारी पेट्रोल कोणी भरलं, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.)

बायकोला ती जागा मिळाली. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण कशी मिळाली तेही ऐका. मुलाखतीत विचारलं म्हणे, "एखादा सहकारी चुकीच्या माहितीवर ठाम असेल, तर तुम्ही काय कराल? स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या." हिच्याकडे उदाहरण ताजं होतं. हिने किल्ली, बॅटरी, तिच्या आवाजाने वाढणारे फेरे, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी वाद घालत नाही. त्यांना त्यांचं काम करू देते आणि पर्यायी गाडी तयार ठेवते." समिती हसून हसून बेजार झाली आणि तिथल्या तिथे हिची निवड झाली. म्हणजे नेमणूक माझ्यामुळे. पण पेढीवर बसल्यासारखं श्रेय मोजून घेतलं कोणी, तर ऑडिटरकाकांनी. शाळेने हिचा सत्कार केला, त्यात फूल त्यांना मिळालं, मला टाळ्या वाजवायला पुढची खुर्ची मिळाली.

आता रोज संध्याकाळी मी तिला आणायला जातो. आमचीच गाडी, शाळेच्या फाटकासमोर उभी करतो, किल्ली काढून खिशात टाकतो. फाटकावरचा शिपाई अदबीने उठतो आणि विचारतो, "साहेब, गाडी बंद केलीत ना?"

अशा माणसाशी काय बोलायचं? मी ताठ मानेने आत निघून जातो. पण चार पावलांवर गेलं की एकदा मागे वळून बघतो, आणि मग परत येऊन बॉनेटला कान लावतो.